पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर लवकर सावरण्यासाठी: रुग्णांना आणि घरच्यांना टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया वाढल्या असल्या, तरी पोटावर मोठा छेद घेऊन करावी लागणारी ऑपरेशने संपलेली नाहीत. आतड्याला पीळ पडणे, अल्सरला छिद्र पडणे, अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरणे, आतड्याचा किंवा बीजकोशाचा कर्करोग, मोठ्या गाठींमुळे गर्भाशय काढावे लागणे अशा अनेक कारणांसाठी आजही पोट उघडावे लागते. सिझेरियन हेही पोट उघडून केलेलेच ऑपरेशन आहे, आणि ते इतके सर्रास होते की त्यानंतरच्या काळजीकडे तेवढ्या गांभीर्याने पाहिले जात नाही.

शल्यचिकित्सा विभागातील रुग्णांना श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम शिकवणे हे माझे काम आहे, आणि ते करताना एक गोष्ट सतत समोर येते. ऑपरेशन उत्तम झालेले असते, टाके व्यवस्थित असतात, पण रुग्ण पडून राहिल्यामुळे, दुखणे सोसत राहिल्यामुळे किंवा चुकीच्या पथ्यामुळे मागे पडतो. छेद घेणे आणि शिवणे हे सर्जनचे काम. फुप्फुसे उघडी ठेवणे, पाय हलते ठेवणे आणि पोटात अन्न जाऊ देणे हे मात्र रुग्णाला आणि त्याच्या माणसांनाच करावे लागते. डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात हा विचार पद्धतशीरपणे मांडला. दीर्घ उपवास, अनावश्यक नळ्या, भरमसाट सलाईन आणि अंथरुणावरची सक्तीची विश्रांती यांमुळेच शरीराला सावरायला उशीर होतो, हे त्यांनी दाखवून दिले. २००१ मध्ये युरोपातील काही शल्यचिकित्सकांनी एकत्र येऊन त्यावर पुढे काम सुरू केले, आणि आज ‘ईरास’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत भारतातील अनेक रुग्णालयांतही वापरली जाते. पुढील टप्पे त्याच विचाराला धरून आहेत. तुमच्या सर्जनने एखाद्या बाबतीत वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे, कारण पोटात काय केले आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

टप्पा १: तारीख ठरल्यापासून ऑपरेशनपर्यंत

तातडीचे ऑपरेशन असेल तर या टप्प्याला वेळच मिळत नाही. अशा वेळी थेट तिसऱ्या टप्प्याकडे वळावे. पण तारीख दोन-चार आठवड्यांनंतरची असेल, तर तो काळ नुसता काळजी करण्यात घालवू नये.

सर्वांत आधी तंबाखू थांबवावी. विडी-सिगारेट सोडल्यापासून ऑपरेशनपर्यंत किमान चार आठवडे मिळाले, तर फुप्फुसांच्या आणि जखमेच्या तक्रारी स्पष्टपणे कमी होतात. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडे अनेक बायका मिश्री लावतात आणि “तुम्ही तंबाखू घेता का?” या प्रश्नाला मनापासून “नाही” असे उत्तर देतात, कारण मिश्री म्हणजे व्यसन असे त्यांना कधी वाटलेलेच नसते. मिश्री आणि गुटखा यांतूनही निकोटिन रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही. म्हणून डॉक्टरांना ही माहिती न लाजता द्यावी, आणि आई किंवा सासूबाई सांगत नसतील तर सोबतच्या व्यक्तीने ती सांगावी.

हिमोग्लोबिन आणि मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी लवकर करून घ्यावी. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना किंवा शिरेतून द्यायच्या लोहाला परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. आदल्या दिवशी हे कळून उपयोग होत नाही. चालू असलेल्या सर्व औषधांची, त्यांत आयुर्वेदिक चूर्णे आणि काढेही आले, यादी करून भूलतज्ज्ञांना दाखवावी. रक्त पातळ करणारी औषधे केव्हा थांबवायची हे तेच ठरवतील. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साधारणपणे तीन दिवस आधी बंद करतात, हे मात्र रुग्णाला माहीत असलेले बरे, कारण मधुमेहाचे डॉक्टर एक आणि ऑपरेशनचे डॉक्टर दुसरे असले की ही गोष्ट मध्येच राहून जाऊ शकते. रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

रोज अर्धा तास थोडा दम लागेल इतक्या वेगाने चालावे आणि श्वासाच्या व्यायामाचे तीन गोळ्यांचे यंत्र (वापरण्याची रीत टप्पा ४ मध्ये आहे) आधीच आणून घरी सराव करावा. पोट दुखत असताना नवीन गोष्ट शिकणे कठीण असते. आधी शिकलेली गोष्ट आठवणे त्या मानाने सोपे जाते.

टप्पा २: आदला दिवस आणि उपवास

“रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको” ही सूचना अजूनही सर्रास दिली जाते. भूलशास्त्रातील आजची सर्वमान्य वेळ अशी आहे: हलके अन्न ऑपरेशनच्या सहा तास आधीपर्यंत आणि आरपार दिसणारे द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात. तळकट किंवा मांसाहारी जेवण झाले असेल, तर आठ तास धरावेत. आरपार दिसणारे द्रव म्हणजे पाणी, गाळलेले लिंबू सरबत किंवा बिनदुधाचा चहा. आपल्याकडे चहा म्हटला की तो दुधाचाच असतो, आणि दूध पोटात गेल्यावर घट्ट होते, म्हणून त्याला अन्नाचेच सहा तास लागू होतात. सकाळी घेतलेल्या कपभर चहामुळे ऑपरेशन पुढे ढकलावे लागू शकते. आतड्यात अडथळा असेल, जुना मधुमेह असेल, पोट सावकाश रिकामे होत असेल किंवा रुग्ण गरोदर असेल, तर वेळा बदलू शकतात. म्हणून “शेवटचे अन्न किती वाजता आणि शेवटचे पाणी किती वाजता” हे दोन वेगळे प्रश्न विचारून उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत.

आदल्या रात्री किंवा सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ करावी. पोटावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. वस्तऱ्याने त्वचेवर न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यांत जंतू वाढतात. केस काढणे खरोखर गरजेचे असेल, तर रुग्णालयात यंत्राने ते कापले जातात. नेलपॉलिश काढून टाकावे, आणि हलणारा दात किंवा कवळी असेल तर भूलतज्ज्ञांना सांगावे.

टप्पा ३: दुखणे सोसू नका

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त भर देते, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे. आपल्या घरांत सोसण्याचे कौतुक होते. “एवढे दुखत नाही”, “गोळ्यांची सवय लागेल”, “बाळंतपणात दुखणारच” असे म्हणत रुग्ण डोळे मिटून पडून राहतो आणि नातेवाइकांना वाटते की तो शांत झोपला आहे. प्रत्यक्षात दुखू नये म्हणून तो श्वास वरवर घेत असतो, खोकला दाबत असतो आणि कूससुद्धा बदलत नसतो.

परिचारिका शून्य ते दहामध्ये दुखणे किती असे विचारतील, तेव्हा निपचित पडले असताना किती दुखते ते सांगू नये. खोल श्वास घेताना, खोकताना आणि उठून बसताना किती दुखते ते सांगावे. पडून राहिल्यावर दोन आणि खोकताना आठ असेल, तर त्या रुग्णाचे दुखणे आटोक्यात आलेले नाही. औषध दुखणे असह्य झाल्यावर मागण्यापेक्षा ठरलेल्या वेळेला घेतलेले चांगले. पॅरासिटामॉल घड्याळ लावून दिले जाते, त्याच्या जोडीला सूज कमी करणारी वेदनाशामके दिली जातात, आणि मोठ्या छेदासाठी पाठीच्या मणक्याजवळ बारीक नळी ठेवून किंवा पोटाच्या भिंतीत सुई देऊन त्या भागापुरती भूल दिली जाते. अनेक मार्गांनी थोडे थोडे औषध दिले की अफूवर्गातील तीव्र इंजेक्शने कमी लागतात. ती दुखणे चांगले थांबवतात, पण मळमळ वाढवतात आणि आतड्याची हालचाल मंदावतात, म्हणून गरजेपुरतीच असावीत.

मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा पूर्वी अल्सरचा त्रास असेल तर ते आधीच सांगावे, कारण काही वेदनाशामके अशा रुग्णांना चालत नाहीत. पाठीतली नळी असताना पाय जड किंवा बधिर वाटू शकतात, तेव्हा परिचारिकेला न सांगता पलंगावरून उतरू नये. घरी गेल्यावर पॅरासिटामॉल दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा याहूनही खाली असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, हे औषधाच्या पाकिटावर पाहावे.

टप्पा ४: श्वास आणि खोकला

पोटाचा छेद जितका वर, तितका श्वासावर परिणाम अधिक. वरवरच्या श्वासामुळे फुप्फुसांचा खालचा भाग हवेविना मिटतो, तिथे कफ साठतो, आणि त्यातून ताप व न्यूमोनिया होऊ शकतो. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत दम लागण्यामागे बऱ्याचदा हेच असते.

तीन नळकांड्यांत तीन रंगीत गोळ्या असलेले यंत्र बहुतेकांना दिले जाते, आणि बहुतेक जण सुरुवातीला ते उलटे वापरतात. रुग्ण गाल फुगवून जोरात फुंकर मारतो, गोळ्या जागच्या हलत नाहीत, आणि शेजारी उभा असलेला मुलगा “अजून जोरात, बाबा!” असे म्हणत राहतो. हे यंत्र फुंकण्याचे नाही, ओढण्याचे आहे. पाठ टेकवून शक्य तितके ताठ बसावे, आधी श्वास सावकाश बाहेर सोडावा, नळी ओठांत घट्ट धरावी आणि सरबत स्ट्रॉने ओढावे तसा श्वास संथपणे आत घ्यावा. एक किंवा दोन गोळ्या वर आल्या की त्या दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवाव्यात, मग नळी तोंडातून काढून श्वास सोडावा. तिसरी गोळी उडवण्यासाठी झटका देण्यात काही लाभ नाही. पहिली गोळी जास्त वेळ वर राहणे अधिक मोलाचे आहे. जागे असताना दर तासाला असे दहा श्वास घ्यावेत, पण सलग न घेता मध्ये विसावा घ्यावा, नाहीतर चक्कर येते. यंत्र नसेल तरी हात पोटाच्या वरच्या भागावर ठेवून, छाती आणि पोट दोन्ही फुलतील असा खोल श्वास याच रीतीने घेता येतो.

खोकण्याची सर्वांनाच भीती वाटते: टाके तुटले तर? आधार देऊन खोकल्याने टाके तुटत नाहीत. गुडघे वाकवावेत, छोटी उशी किंवा घडी केलेली चादर छेदावर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरावी, दोन खोल श्वास घ्यावेत आणि तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ सोडतो तसा “हा” असा जोराचा उच्छ्वास करावा. कफ वर सरकला की मग खोकावे. हसताना, शिंकताना आणि उचकी लागली तरीही ही उशी हाताशी असावी.

टप्पा ५: उठणे, बसणे, चालणे

पाठीवरून थेट उठून बसण्याचा प्रयत्न करू नये. त्यात सगळा ताण पोटाच्या मधल्या शिवणीवर येतो. योग्य क्रम असा आहे. दोन्ही गुडघे वाकवून तळपाय गादीवर टेकवावेत. खांदे, कंबर आणि गुडघे एकदमच वळवून कुशीवर यावे, म्हणजे पोटाला पीळ पडत नाही. पाय पलंगाच्या कडेखाली सोडावेत आणि त्याच वेळी खालच्या हाताचे कोपर व वरच्या हाताचा तळवा यांनी गादी दाबत धड वर उचलावे. पाय खाली जातात तेव्हा त्यांच्या वजनानेच धड वर यायला मदत होते. श्वास रोखू नये, उठताना तो बाहेर सोडावा. बसल्यावर दोन-तीन मिनिटे थांबावे, घोटे हलवावेत, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही ना हे पाहावे, आणि मगच उभे राहावे. नातेवाइकांनी रुग्णाला दोन्ही हात धरून ओढू नये. खांद्यामागे आधार देऊन बाकीचे त्याला करू द्यावे.

डॉक्टरांची परवानगी असेल तर ऑपरेशनच्याच संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसणे, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसणे आणि खोलीत चालणे शक्य असते. ईरास पद्धतीच्या सुरुवातीच्या आराखड्यांत पहिल्या दिवशी दोन तास आणि त्यानंतर रोज सहा तास पलंगाबाहेर घालवण्याचे लक्ष्य ठेवले जात असे. हे तास तुकड्यातुकड्यांत भरायचे असतात, आणि त्यांत खुर्चीत बसून जेवणे किंवा भेटायला आलेल्यांशी बसून बोलणे हेही धरले जाते. लघवीची पिशवी चालताना कमरेच्या खाली ठेवावी, पोटातून आलेली नळी कपड्याला अडकवून मगच निघावे. रुग्ण वाकून, पोट धरून चालतो. त्याला सावकाश ताठ होऊन चालायला सांगावे, कारण वाकून चालल्याने पाठ दुखते आणि श्वासही पुरता घेता येत नाही.

पलंगावर असताना दर तासाला घोटे वर-खाली दहा-वीस वेळा हलवावेत. पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे ही पोटाच्या ऑपरेशननंतरची जिवावर बेतणारी गोष्ट आहे. काही रुग्णांना त्यासाठी पोटावर हेपॅरिनची बारीक इंजेक्शने दिली जातात; कर्करोगाच्या ऑपरेशननंतर ती चार आठवडे चालू ठेवतात, म्हणून घरी गेल्यावर “आता बरे आहे” असे म्हणून ती बंद करू नयेत.

टप्पा ६: सलाईन, गॅस आणि जेवण

सलाईन चढले की ताकद येते, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत फक्त २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर शंभर कॅलरी, आणि प्रथिने अजिबात नसतात. साध्या सलाईनमध्ये नुसते मीठ आणि पाणी असते. गरजेपेक्षा जास्त सलाईनने आतड्याच्या भिंतीला सूज येते आणि आतडे जागे व्हायला उशीरच होतो. त्यामुळे सलाईन लवकर बंद केले तर डॉक्टर दुर्लक्ष करत आहेत असे समजू नये, आणि आणखी एक बाटली लावण्याचा आग्रह धरू नये.

वॉर्डात सकाळी पहिला प्रश्न असतो, “गॅस पास झाला का?” या प्रश्नाचे महत्त्व आहेच, पण त्यामागचे शरीराचे वेळापत्रक समजून घ्यावे. ऑपरेशननंतर लहान आतडे साधारण एका दिवसाच्या आत हालचाल करू लागते, जठराला एक-दोन दिवस लागतात, आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहून उशिरा जागे होते. वायू सरतो तो मोठे आतडे जागे झाल्यावर. म्हणून अनेक ऑपरेशनांत गॅसची वाट न पाहता पहिल्याच दिवसापासून घोट घोट पाणी आणि मग पातळ अन्न सुरू करतात. आतडे जोडले असेल तरीही बऱ्याचदा असेच करतात, पण हा निर्णय सर्वस्वी सर्जनचा. पोट तंगलेले असेल, सतत मळमळत असेल किंवा हिरवट उलटी होत असेल, तर खाणे थांबवून लगेच सांगावे.

दिवसातून तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे बिनसाखरेचे च्युइंगम चघळण्याचा सल्ला तुम्हाला मिळाला तर आश्चर्य वाटू देऊ नये. चघळल्याने आतड्याला जेवण येत असल्याचा संदेश जातो आणि सिझेरियननंतर त्याचा उपयोग झाल्याचे दिसले आहे. मात्र शुद्ध पूर्ण आलेली असावी आणि गिळण्याचा त्रास नसावा.

जेवण सुरू झाले की प्रश्न येतो पथ्याचा. भाताने आणि डाळीने जखमेत पू होतो, अंड्याने उष्णता वाढते, आंबट खाल्ले तर टाके पिकतात, या समजुतींपायी नेमक्या गरजेच्या वेळी रुग्णाचे ताट रिकामे होते. पू होतो तो जंतूंमुळे, आणि त्यांना मदत होते ती वाढलेल्या साखरेची, तंबाखूची आणि कुपोषणाची. जखम भरण्यासाठी शरीराला दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. याउलट साबुदाण्याची खीर आणि तांदळाची पेज, ज्यांवर आजाऱ्याला दिवसेंदिवस ठेवले जाते, त्यांत प्रथिने जवळपास नाहीतच. पहिला दिवस पेजेचा असू द्यावा. पण लगेच त्यात मुगाचे वरण मिसळावे, मऊ भातावर दही घालावे, भाजलेला किंवा उकडलेला मासा, मऊ अंडे, मूगडाळीचे धिरडे, पनीरची भुर्जी असे थोडे थोडे दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शौचाला कुंथावे लागू नये. पाणी पुरेसे प्यावे, चालावे, आणि वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठता होत असेल तर डॉक्टरांकडून मल मऊ करणारे औषध घ्यावे. आतडे जोडलेले असताना इसबगोल किंवा जुलाबाचे चूर्ण मनाने सुरू करू नये. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल, तर भोक असलेली खुर्ची भाड्याने किंवा विकत आणावी. बसताना फार अडचण येत नाही, उठताना मात्र पोटावर मोठा ताण येतो.

टप्पा ७: जखमेची निगा

पहिली पट्टी साधारण दोन दिवस ठेवतात. त्यानंतर जखम कोरडी आणि मिटलेली असेल, तर सर्जनच्या परवानगीने वाहत्या पाण्याखाली आंघोळ करता येते. साबणाचा फेस जखमेवरून वाहू द्यावा, चोळू नये, आणि स्वच्छ सुती कापडाने टिपून कोरडे करावे. हळद, तूप, खोबरेल तेल किंवा पावडर यांतले काहीही ताज्या जखमेवर लावू नये. मधल्या उभ्या छेदाचे टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांनी काढतात.

लेंग्याची किंवा परकराची नाडी नेमकी छेदावर किंवा त्याच्या टोकावर येते, घामाने ओली होते आणि दिवसभर घासत राहते. आडव्या सिझेरियनच्या जखमेत पहिली लाली बऱ्याचदा या नाडीच्या आणि पोटाच्या घडीच्या जागी दिसते. पहिले काही आठवडे सैल मॅक्सी किंवा कमरेच्या बऱ्याच वर बांधता येईल असा कपडा वापरावा, आणि पोटाची घडी पडत असेल तर ती दिवसातून दोन-तीनदा उचलून कोरडी करावी. पोटाच्या पट्ट्याने चालताना आधार वाटतो, म्हणून तो वापरायला हरकत नाही. पण पट्टा लावला म्हणजे हर्निया होणार नाही असे नाही, आणि तो श्वास अडेल इतका घट्ट असू नये. झोपताना काढून ठेवावा.

टप्पा ८: घरी गेल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचे

आता रुग्णांना लवकर घरी सोडतात. त्यामुळे काही गंभीर गोष्टी रुग्णालयाऐवजी घरी सुरू होतात आणि त्या ओळखण्याची जबाबदारी घरच्यांवर येते. आतड्याची जोड गळू लागली, तर ते बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास लक्षात येते. सुरुवात नाट्यमय नसते. बरा होत असलेला माणूस एकाएकी गळून जातो, जेवण नको म्हणतो, नाडी जलद चालते, पोट फुगते आणि दुखणे कमी होण्याऐवजी वाढते. अशा वेळी “उद्या बघू” म्हणू नये.

१००.४ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, जखमेची वाढती लाली किंवा पू, वारंवार उलट्या, गॅस आणि शौच दोन्ही बंद होणे, लघवी न होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी सर्जनशी बोलावे. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर चोळू नये, मालीश करू नये, थेट रुग्णालय गाठावे. अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जखमेतून एकाएकी गुलाबीसर पाणी भरपूर येऊन कपडे भिजले, तर आतली शिवण सुटत असल्याची ती खूण असू शकते. त्वचा उघडून आतडे दिसलेच, तर ते आत ढकलू नये. रुग्णाला गुडघे वाकवून आडवे करावे, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ कापड वर ठेवावे, तोंडाने काही देऊ नये आणि १०८ ला फोन करावा.

टप्पा ९: पहिले सहा आठवडे आणि त्यानंतर

वरची त्वचा दोन आठवड्यांत मिटते आणि माणसाला वाटते की जखम भरली. पण ताण पेलणारा आतला पांढरा पडदा सहा आठवड्यांनीही मूळ ताकदीच्या साधारण निम्म्यावरच पोहोचलेला असतो, आणि पुढेही तो पूर्वीइतका पक्का कधीच होत नाही. म्हणून सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलू नये. दहा लिटरची भरलेली बादली दहा किलोची होते. म्हणजे अर्ध्या बादलीपाशी थांबायचे. पाण्याचा हंडा आणि दळणाचा डबा दुसऱ्याने उचलावा, आणि भरलेला गॅस सिलिंडर, ज्याचे वजन सगळे मिळून तीस किलोच्या आसपास जाते, तो सरकवूसुद्धा नये. घरातले लहान मूल कडेवर यायला रडत असेल, तर बसून त्याला शेजारून कुशीत घ्यावे. घर चालवणाऱ्या बाईला हे नियम पाळता येतील की नाही, हे बहुतांशी घरातल्या इतरांवर अवलंबून असते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी मुलगा, नवरा, सून यांच्यासमोर ही यादी वाचून दाखवावी असा माझा आग्रह असतो.

जिने चढता येतात, फक्त सावकाश आणि कठड्याला धरून. चालणे रोज थोडे वाढवावे, पण थकवा आला की थांबावे. मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन महिने दुपारी गळून गेल्यासारखे वाटणे नेहमीचे आहे. दुचाकी चालवण्याची घाई करू नये. अचानक ब्रेक लावताना पोट दुखत असेल, तर रस्त्यावर जाण्याची वेळ आलेली नाही. साधारण चार ते सहा आठवडे थांबावे आणि किक मारणे आणखी पुढे ढकलावे. टेबलावरचे काम चार ते सहा आठवड्यांत सुरू करता येते. शेतातली पोती, गवंडीकाम, हमाली यांसाठी तीन महिने धरावेत. लैंगिक संबंधांबद्दल विचारायला संकोच वाटतो, पण तपासणीच्या वेळी तो प्रश्न सर्जनला जरूर विचारावा. झोप न लागणे, कारण नसताना रडू येणे, चिडचिड होणे हेही ऑपरेशननंतर होते. दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तेही डॉक्टरांना सांगावे.

पोटाचे व्यायाम सर्जनने परवानगी दिल्यावरच सुरू करावेत, आणि सुरुवात आडवे पडून धड उचलण्याच्या व्यायामाने (सिट-अपने) न करता श्वास सोडत पोट अलगद आत ओढून धरण्याने करावी. उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर छेदाच्या जागी फुगवटा दिसला आणि आडवे झाल्यावर तो आत गेला, तर हर्निया असण्याची शक्यता असते. तो दुखत नसला तरी दाखवून घ्यावा. आणि तो घट्ट होऊन दुखू लागला व आत जाईनासा झाला, तर त्याच तासाला रुग्णालयात जावे.

डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशनची सविस्तर नोंद आणि काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल मागून घ्यावा, त्यांचे फोटो मोबाइलवर ठेवावेत आणि मूळ कागद जपून ठेवावेत. पोट एकदा उघडले की आत आतडी एकमेकांना चिकटू शकतात, आणि त्यामुळे कित्येक वर्षांनीही अडथळा निर्माण होऊ शकतो. पुढे कधी पोटात कळा येऊन उलट्या होऊ लागल्या आणि गॅस, शौच बंद झाले, तर आम्लपित्ताच्या गोळ्या घेत घरी थांबू नये. डॉक्टरांना जुना छेद दाखवावा आणि हे कागद पुढे ठेवावेत.